बारामतीला समुद्र, पेटीतला

बारामतीत सगळं आलं, समुद्र तेवढा यायचा राहिला. रंगवाल्यांनी तीही सोय केली आहे. लोखंडावरचा रंग किती टिकेल ते बघायला रंगवलेली पट्टी पेटीत ठेवतात आणि ३५ अंशांवर तिच्यावर ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा मारत राहतात. हजार तास तगली की माहितीपत्रकात आकडा मिरवतो. हजार तास म्हणजे किती वर्षं, हे मात्र विचारायचं नाही. तो हिशेब अजून कुणाला जुळलेला नाही.

त्या पेटीत नीरा नदी नसते. नीरेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे लोखंडी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बघा. पावसाळा सरला की खाचेत बसवायचे, पुढच्या पावसाआधी उपसून काठावर रचायचे. बसवता-काढताना कडा घासतात, रंग पहिल्यांदा तिथंच जातो. मग पाणी चढतं-उतरतं आणि ओल्या-कोरड्या पट्ट्यात गंज धरतो. काठावर आले की इंदापूरचं ऊन आहेच. वरचा हात इपॉक्सीचा असेल तर नुसता तळवा फिरवा, पांढरी भुकटी हाताला लागते. (चोरीला गेलेल्या बर्ग्यांचा रंग किती टिकला, ते भंगारवाल्यालाच ठाऊक.)

आयएसओ १२९४४ हे लोखंडावरच्या रंगांचं मानक त्या मानानं प्रामाणिक. ७ वर्षांपर्यंत, ७ ते १५, १५ ते २५ आणि त्यापुढे, असे टिकाऊपणाचे चार गट पाडतं आणि वर बजावतं, ही हमी नव्हे. देखभाल कधी करायची याचा अंदाज. आपल्या निविदेत येईतो अंदाजाची हमी होते आणि देखभाल गळून पडते.

तसंही रंगाचं आयुष्य ठरतं ते डबा उघडण्याआधीच. जस्ताचा प्रायमर स्वतः झिजून लोखंड वाचवतो, पण त्यासाठी तो उघड्या, खरखरीत लोखंडाला भिडावा लागतो. म्हणून ब्लास्टिंग, म्हणजे कणांचा जोरदार मारा करून लोखंड खरवडणं. प्रत्यक्षात तारेचा ब्रश दोनदा फिरतो, गंजावरच प्रायमर बसतो आणि वरून उद्घाटनापुरता चकचकीत हात.

१५ जून २०२५ ला आपल्याच जिल्ह्यात, कुंडमळ्याला, इंद्रायणीवरचा गंजलेला लोखंडी पूल गर्दीखाली कोसळला. चार जण गेले. तो गंज ओळखायला पेटी लागत नव्हती, डोळे पुरे होते.

तेव्हा ‘आयुष्य १५ वर्षं’ वाचून मान डोलावू नका. प्रायमर लागण्याआधी ते उघडं लोखंड कुणी तपासलं, त्याची सही मागा.