जिभेला वेसण

घोरणं हा बहुधा असा एकच गुन्हा असावा, ज्यात आरोपी दर वेळी घटनास्थळी हजर असतो आणि तरी त्याला खरोखरच काही ठाऊक नसतं. साक्षीदार मात्र रात्रभर टक्क जागा. माझ्या खटल्यातली मुख्य साक्षीदार म्हणजे आमची ही. आणि हैदराबादच्या कुकटपल्लीतल्या फ्लॅटांच्या भिंती किती जाड असतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना समोरच्या बिऱ्हाडातल्या अक्कांचीही साक्ष का नोंदली गेली ते सांगायला नको.

तक्रार नुसती आवाजाची असती तर मी ती सहज पचवली असती. घोरणं आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. नांदेडच्या वाड्यात आजोबा घोरत म्हणून चोर फिरकत नाहीत, असं आजी अभिमानानं सांगायची. पण हिची तक्रार शांततेची होती. "घोरता त्याचं काही नाही हो, मधेच थांबता त्याची धडकी भरते." मग कोपराचा एक ढोसा आणि हुकूम, "अहो, श्वास घ्या!" नवऱ्याला श्वासाची आठवण करून देणं हे सप्तपदीतल्या कितव्या पावलात बसतं, ते भटजींनी सांगितलं नव्हतं.

रात्रीची उधारी दिवसा फेडावी लागायची. केपीएचबी कॉलनीला मेट्रोत बसायचं आणि अमीरपेटला उतरायचं, एवढाच प्रवास. पण तेवढ्यात असा डोळा लागायचा की जाग यायची ती थेट एल. बी. नगरला, सगळा डबा रिकामा झाल्यावर.

शेवटी डॉक्टरांनी तपासणीची पेटी घरी दिली. नाकाखाली नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, अशा थाटात झोपलो. निकाल आला: तासाला २२. म्हणजे झोपेत श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ बंद पडणं किंवा फार उथळ होणं, हे तासाला सरासरी २२ वेळा. पाचच्या आत ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम आणि पुढे तीव्र. हिनं रिपोर्ट वाचला आणि म्हणाली, "माझ्या हिशेबानं पंचवीस होते."

या दुखण्याचा कुळवृत्तांत मोठा आहे. चार्ल्स डिकन्सनं १८३६-३७ मध्ये 'पिकविक पेपर्स' लिहिलं, त्यात जो नावाचा एक गुबगुबीत पोऱ्या उभ्या उभ्या झोपतो. भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा हैदराबादपासून सुटला तो १९५६ साली, आणि त्याच साली अमेरिकन डॉक्टरांनी स्थूलपणा आणि मंदावलेला श्वास यांच्या दुखण्याला 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं. झोपेत घसा मिटून श्वास अडतो, हे युरोपातल्या संशोधकांनी १९६५ मध्ये नोंदवलं. तोवर आमच्या आजोबांसारखे लोक चोर पळवण्याचं काम विनावेतन करत होते.

उपचारांत पहिला मान सीपॅप मशीनचा. सिडनीच्या कॉलिन सुलिवन यांनी १९८१ मध्ये ते जगापुढे आणलं: नाकावर मास्क, त्यातून सतत हवेचा दाब, आणि त्या दाबानं घसा उघडा. मशीन अव्वल, त्यात वाद नाही. वाद माझ्यात होता. रात्री मास्क लावून झोपायचो, पहाटे तो पलंगाखाली सापडायचा. देवगिरी एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर तर ते लावायचं कुठे, इथूनच सुरुवात. हळूहळू मशीन कपाटावर गेलं आणि तिथं नव्यासारखं राहिलं.

मग पर्यायांचा शोध सुरू झाला. हिनं वाचून काढलं की स्वित्झर्लंडमध्ये काही रुग्णांना डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियन आदिवासींचं लांबलचक वाद्य फुंकायला शिकवलं, तर त्यांचा विकार कमी झाला. हा अभ्यास २००६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला आणि २०१७ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. पुढे २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांनी तीस रुग्णांवर शंख फुंकण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिने नेमानं फुंकणाऱ्यांची झोप सुधारली. तत्त्व एकच: घशाचे स्नायू कमवायचे. पण रात्रीचा आवाज घालवण्यासाठी सकाळी शंख फुंकायचा, हा सौदा समोरच्या अक्कांना मान्य होण्यासारखा नव्हता. शिवाय माझ्या नावानं शंख करायला घरात एक माणूस आधीच होतं.

अखेर डॉक्टरांनीच दंतवैद्याची चिठ्ठी दिली. कुकटपल्लीत दातांचा दवाखाना शोधावा लागत नाही. टिफिन सेंटर आणि कोचिंग क्लास यांच्या मधे जी पाटी असते, ती दातांचीच. पण हे काम सगळेच करत नाहीत. झोपेच्या विकाराचं शिक्षण घेतलेली एक तरुण डॉक्टरीण सापडली. तिनं मला खुर्चीत आडवं केलं, दातांत एक मोजपट्टी धरायला दिली आणि म्हणाली, "अंकल, नीचे का जबडा आगे. कोंचम मुंदुकु! इंका कोंचम!" थोडं पुढे, अजून थोडं. ही आज्ञा मी आजवर फक्त सिटी बसच्या कंडक्टरकडून ऐकली होती.

कारण साधं आहे. जीभ खालच्या जबड्याच्या आतल्या हाडाला जखडलेली असते. उताणं झोपलं आणि स्नायू सैलावले की ती मागे घसरून घशाची वाट अडवते. जबडा पुढे ओढला की जीभही निमूट मागोमाग येते आणि वाट मोकळी होते. बेशुद्ध माणसाचा श्वास मोकळा करायला भूलतज्ज्ञ जबडा असाच पुढे ढकलतात. फ्रान्सचे पिअर रोबँ यांनी लहान जबड्याच्या तान्ह्या बाळांमध्ये जीभ मागे पडून श्वास अडतो, हे १९२३ मध्येच लिहून ठेवलं होतं. बैलाला वेसण असते, मला ट्रे आहे. खालचा एक, वरचा एक, बाजूला बारीक स्क्रू आणि एक इवलीशी किल्ली. दर काही दिवसांनी किल्ली जराशी फिरवायची, जबडा केसभर पुढे. किल्ली अर्थातच हिच्या ताब्यात आहे.

या उपकरणाचे लाड कमी नाहीत. पहिल्यांदा उशी लाळेनं भिजायची. सकाळी ट्रे काढला की दाढा एकमेकींना ओळख देत नाहीत. एक पट्टी चावून व्यायाम केल्यावर कुठे त्या ठिकाणावर येतात. तोवर खालच्या टिफिन सेंटरमधल्या कुरकुरीत पुनुगुलू भज्यांकडे बघायचं नाही, इडलीवर भागवायचं. वर्षानुवर्षं वापरलं तर दात सरकू शकतात, म्हणून नेमानं दाखवायला जायचं. दुखणं तीव्र असेल तर मशीनच बरं. आणि ट्रे बसायला तोंडात पुरेसे घट्ट दात हवेत.

या शेवटच्या अटीवर सासरेबुवा नापास झाले. त्यांची कवळी आहे. अशांसाठी जीभच चोखून धरणारा, ओठांबाहेर राहणारा एक फुगा १९८२ पासून आहे. त्याचं चित्र पाहून ते म्हणाले, "या वयात कालीमातेसारखी जीभ बाहेर काढून झोपायचं नाही मला." आता बेसिनवर दोन डब्या शेजारी शेजारी असतात. रात्री त्यांची कवळी पाण्यात उतरते आणि माझा ट्रे कामावर निघतो; सकाळी उलट. हायटेक सिटीच्या इतक्या जवळ राहायचं तर घरातल्या दातांनाही शिफ्ट आली.

लोक विचारतात, मशीन आणि ट्रे यांत सरस कोणतं? आकडा खाली आणण्यात मशीनच पुढे. पण ट्रे माणूस रात्री जास्त वेळ तोंडात ठेवतो, म्हणून शेवटी हिशेब बराचसा जुळतो. मशीन सोसत नसेल तर ट्रे द्यावा, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांनी २०१५ च्या मार्गदर्शिकेतच म्हटलंय. कपाटावरचं अव्वल औषध कुणाचाच घसा उघडत नाही.

आवाज थांबला, तेव्हा मी खटला निकाली निघाल्याचं जाहीर केलं. डॉक्टरांनी ते फेटाळलं: घोरणं थांबलं म्हणजे श्वास सुधारला असं नाही, ट्रे घालून पुन्हा तपासा. पुन्हा नळी, पट्टा, चिमटा. आकडा आला ८. रिपोर्ट हिच्या हाती पडला तेव्हा निजायची वेळ झाली होती आणि मी नुकताच ट्रे बसवला होता. "आणि हे आठ?" तिनं विचारलं. पोराला दहावीत ९२ टक्के पडले तेव्हाही तिनं नेमका हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यानं दार आपटलं होतं. मला उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत. पण जबडा पुढे बांधलेला असताना माणूस फार तर मान हलवू शकतो. ती मी हलवली. दंतवैद्याकडची पुढची तारीख तिनं घेऊन टाकली आहे. इंका कोंचम.