भूमिगत संगीताचा करदर

यंत्रांवर रचलेल्या एकसुरी ठेक्याचे टेक्नो हे नृत्यसंगीत डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय तरुणांकडून बर्लिनला पोचले आणि भिंत पडल्यावर ओस तळघरांत असे रुजले, की १९९१ चा 'ट्रेझोर' क्लब तर एका जुन्या दुकानाच्या तिजोरीखोलीतच थाटला गेला. तिजोरीत वाढलेल्याची ओळख पुढे तिजोरीखात्यालाच पटावी, हे यथायोग्यच म्हणायचे: २०१६ मध्ये न्यायालयाने, जुन्या वीजघरातील 'बेर्गहाइन' क्लबच्या रात्रींना सिम्फनीच्या पंक्तीला बसवून, म्हणजे उच्च संस्कृती ठरवून, तिकिटांवरील कर १९ ऐवजी ७ टक्के लागू केला, आणि २०२४ मध्ये बर्लिनचे टेक्नो जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या, म्हणजे जतनयोग्य जिवंत परंपरांच्या, राष्ट्रीय यादीत रीतसर दाखल झाले. या सरकारमान्य गुपिताच्या दारावर पाहुण्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यांवर चिकटपट्टी मात्र अजूनही लावली जाते.