माथेरानचे नवे साहेब

खारदांड्याला समुद्राचा वारा चोवीस तास फुकट मिळतो. त्यामुळे आमची त्याच्यावर श्रद्धा नाही. वारा कसा, रजा टाकून, लोकलमध्ये घाम गाळून, वर कर भरून खाल्ला पाहिजे! म्हणून मे महिन्यात वलांडीवर बोंबील वाळत असताना आमची फौज माथेरानसाठी दादरला गाडी बदलून कर्जत लोकलला लोंबकळते. शेजारच्या मावशींनी विचारलंच होतं, "वारा खावाला यवऱ्या लांब?" त्यांना हिल स्टेशन म्हणजे काय हे कोणी सांगावं?

१८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला. त्याचं एक वेळ समजू शकतं. कोट-बूट चढवून कोकणचा उकाडा सोसायचा म्हणजे खायचं काम नाही. साहेब वर गेला, पाठोपाठ बंगले गेले. डोंगर चढणारी छोटी आगगाडी मात्र १९०७ सालची आणि तीही साहेबाच्या खिशातली नव्हे. पैसा आदमजी पीरभॉय यांच्या घरचा. तरी पॉइंटांवर नावं लुइझा आणि अलेक्झांडरची, तळं शार्लटचं. असो. पाहुण्याने घराला नाव द्यायची आपल्याकडे पद्धतच आहे.

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर मोटारी थांबतात. पुढे घोडा, छोटी गाडी, पाय आणि हातरिक्षा. इथे जरा थांबून बघा. लाल मातीचा चढ. पुढे एक जण दांड्यात उभा, मागून दोघे रेटताहेत. स्लीपर मातीत घसरतात. सदरा पाठीला चिकटलेला. आत बसलेले गृहस्थ नव्वद किलोंच्या खाली नसावेत. मोबाइलवर जोरजोरात सांगताहेत, "अरे, एकदम पोल्युशन-फ्री! गाड्याच नाहीत इथे!" खरं आहे. धूर फक्त ओढणाऱ्याच्या छातीतून निघतो, आणि त्याची पीयूसी कोणी मागत नाही.

पर्यावरण जपायचं म्हणून मोटारींना बंदी. ठीकच आहे, त्यामुळेच तिथली झाडं उभी आहेत. पण इंजिनाचं काम माणसाच्या खांद्यावर टाकून आपण हवा शुद्ध राखली आणि तिचं कौतुकही आपणच केलं. ई-रिक्षा यायला २०२२ उजाडावं लागलं, त्याही चाचणीपुरत्या. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की माणसाने माणसाला ओढणं माणुसकीला धरून नाही, सहा महिन्यांत बंद करा. स्वातंत्र्याला तेव्हा ७८ वर्षं होत होती. एवढी साधी गोष्ट कळायला आपल्याला कोर्टाची पायरी चढावी लागते. पॉइंट मात्र आपण घोड्यावरून चढतो.

याच माथेरानात १९१२ साली भाई कोतवाल जन्मले. नाभिक कुटुंबातला मुलगा, शिकून वकील झाला. सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या काढल्या. बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते हुतात्मा झाले. साहेबाला हाकलायला ज्या गावचा माणूस जिवाला मुकला, त्याच गावात आपण शनिवार-रविवारचे साहेब होऊन उतरतो. "ए, किती घेणार? काय लुटता का?" हा सूर तर थेट कलेक्टर कचेरीतला. चिक्कीला मागतील तो भाव देतो, घासाघीस करायची ती फक्त घामाशी.

हातरिक्षा ओढणाऱ्यांचा यात दोष नाही, हे आधी लक्षात घ्या. त्यांचं घर त्यावर चालतं. त्यांना हातरिक्षेतून सोडवायचं तर ई-रिक्षाची चावी त्यांच्याच हातात पडली पाहिजे, एखाद्या ठेकेदाराच्या नव्हे.

राहता राहिलो आपण. दस्तुरी ते माथेरान बाजार अंतर तीन किलोमीटरच्या आत आहे, आणि सावली भरपूर. गुडघे शाबूत असतील तर चालत जा. बॅग दुसऱ्याच्या डोक्यावर दिलीत, तर निदान सांगेल तेवढे पैसे द्या.