गिऱ्हाईक येते, चहा पिते अन् जाते

"काय व, कोपऱ्यावरचे भाऊ आज पुन्हा सकाळच्या गाडीनं नागपूरले गेले म्हणते?"

"गेले नं काकू! फ्लॅट पाह्याले कोणी येणार होतं. हातात पिशवी, पिशवीत झाडू अन् फिनाईलची बाटली. बंद घर हाये, दर खेपेले आधी झाडपूस करा लागते."

"म्हंजे अजून इकलाच नाही?"

"कुठचा इकते! वर्ष उलटलं. गिऱ्हाईक येते, गॅलरीत उभं राह्यते, बाथरूमचा नळ सोडून पाह्यते, चहा पिते अन् 'घरी विचारून सांगतो' म्हून जाते. मंग फोनच उचलत नाही."

"पण तथी घेतलाच कायले होता?"

"समृद्धी महामार्गात वावर गेलं नं त्यायचं. आपल्या तालुक्यातून रस्ता काढला, तवा सरकारनं थेट खरेदी केली. रेडीरेकनरच्या चार-पाच पट भाव. एवढा पैसा एकदम कोणी पाह्यला होता? कोणी गाडी घेतली, कोणी दुसरं वावर. भाऊनं नागपुरात बेसाले टू बीएचके घेतला. पोट्टा नागपूरले शिकीन, मिहानमधी नोकरीले लागन, असं सारं गणित बसवलं होतं."

"अन् पोट्टा कुठी हाये?"

"हिंजवडीले! सून म्हणते, नागपूरच्या उन्हाळ्यात मी येत नाही."

"घ्या! त्या मिहानच्या नावानं वर्धा रोडकडे किती लोकायनं घरं घेऊन ठेवले. कंपन्या आल्या, मेट्रोही 2019 मधी खापरीपर्यंत धावली, पण जेवढे घरं बांधले तेवढे राहणारे नाही आले. भाव काय मांगते भाऊ?"

"तीच तं गंमत. घेतला तो भाव, त्याच्यावर इतक्या वर्साचं बँकेचं व्याज, वरून पंखे, पडदे अन् तो मोठा सोफा. सारं जोडून आकडा सांगते. गिऱ्हाईक म्हणते, बाजूलेच नवीन स्कीम हाये, मी जुना कायले घेऊ?"

"अवं, मंग भाऊनं सांगावं नं! काम चालू असलेल्या फ्लॅटवर जीएसटी लागते, जुन्यावर लागतच नाही. बाईच्या नावानं घेतलं तं स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूटही भेटते. आमच्या जावयानं घेतला तवा पोरीच्याच नावानं केला."

"हे तुमाले माहीत हाये, भाऊले नाही! अन् खरा घोळ वेगळाच हाये काकू. बिल्डरनं भोगवटा प्रमाणपत्रच घेतलं नाही. एक गिऱ्हाईक जवळपास पक्कं झालं होतं, टोकनपर्यंत गोष्ट आली. बँकेच्या वकिलानं तोच कागद मांगतला अन् लोन अडलं."

"बापा! अन् पाण्याचं?"

"मार्च लागला का बोअर आटते, मंग टँकर. सकाळी टँकरचा हॉर्न वाजला का सारी बिल्डिंग खाली. एक जोडपं नेमकं त्याच येळेले पाह्याले आलं होतं. जिन्यातूनच वापस गेलं."

"पाण्याले कोण सोडते व? मुंबईकडे विरार-बोळींजले म्हाडाच्या हजारो घरायची तीच गत झाली. सरकारचं घर, तरी पाण्याची बोंब म्हून लोकं लॉटरी लागूनही घर वापस करत. शेवटी म्हाडानं 'पहिले येईन त्याले देऊ' म्हून काढले. सरकारचे जथी इकत नव्हते, तथी भाऊचा एकटा फ्लॅट काय इकते!"

"भाऊ म्हणते, थांबू, भाव येईन."

"तसंच कापसाचं केलं होतं नं साऱ्यायनं! 2022 मधी कापूस दहा हजाराच्या वर गेला, म्हून पुढच्या सालचा लोकायनं घरात भरून ठेवला. भाव आला नाही, घरच्यायच्या अंगाले खाज तेवढी सुटली. फ्लॅट तं बंद ठेवला तरी मेंटेनन्स खाते, घरपट्टी खाते, अन् भाऊचं तिकीट वेगळं."

"मी बोलली वहिनीले. तं म्हणते, आता इकला तं इन्कम टॅक्स लागन."

"नफाच नाही तं टॅक्स कायचा व? पहिले नफा तं होऊ दे!"

"मंग काय करावं त्यायनं?"

"आधी तं 'मले केवढ्याले पडला' हे इसरावं. गिऱ्हाइकाले तुह्या व्याजाशी काय घेणं? त्याच गल्लीत मागच्या सहा महिन्यात जे फ्लॅट इकले, त्यायचा रजिस्ट्रीचा भाव काढावा, अन् तोच मांगावा. बिल्डिंगमधल्या साऱ्यायनं मिळून भोगवट्याच्या कागदामागं लागावं, एकट्यानं होत नाही ते. टँकरचं खरं खरं सांगून टाकावं, नाही तं गिऱ्हाईक वॉचमनले विचारतेच. अन् तोवर शिकणाऱ्या पोट्ट्यायले अकरा महिन्याच्या करारानं भाड्यानं द्यावा. घर वापरात राह्यलं तं ओल धरत नाही, मेंटेनन्सही निघते."

"भाऊ ऐकन काय?"

"नाही ऐकन तं झाडू घेऊन जात राहीन. पण तुह्या भावाले सांगून ठेव, तोही अमरावतीले फ्लॅट पाहून राह्यला नं? म्हणा, पहिले भोगवटा प्रमाणपत्र पाह्य, मंग मे महिन्यात जाऊन नळ सोडून पाह्य. गॅलरी शेवटी."