महिरप आणि खाच

रेव्हिटसारख्या, इमारतीचं मॉडेल उभारणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत उभी करायला दोन क्लिक पुरतात. खिडकी सजवायला मात्र रात्र पुरत नाही. भिंतीचे थर पटकन ठरतात: बाहेर 20 मिलिमीटर गिलावा, मधे 230 ची वीट, आत 12 चा गिलावा. मग सुरू होतं रुखवत. खिडकीला महिरप, महिरपीला गोलाई, गोलाईला किनार, किनारीला आणखी एक पायरी. या कष्टांबद्दल आदर आहेच, पण ते पडतात चुकीच्या जागी. तपशील हवा तो दोन वस्तू जिथं एकमेकींना भिडतात तिथं. आपण तो ओततो कॅमेऱ्यासमोर.

साधा हिशेब करा. 1:100 च्या नकाशात आतला गिलावा भरतो 0.12 मिलिमीटर, आणि प्रमाणित रेघांतली सर्वांत बारीक रेघच मुळी 0.13 ची. म्हणजे गिलावा दाखवणारी रेघ गिलाव्यापेक्षा जाड! महिरपीच्या नाजूक पायऱ्या तर एकमेकींत मिसळून काळी पट्टी होतात आणि उद्या गवंड्याने तिथं काळा रंग मारला, तर त्याला बोलायची सोय नाही.

यात दोष सॉफ्टवेअरचा नाही. ते बिचारं नेमका प्रश्न विचारतं: खिडकीसाठी भिंत कापली की कोणते थर आत वळायचे? बाहेरचे, आतले, दोन्ही, की कुणीच नाही? महिरपीवर जागरण करणारी मंडळी हे उत्तर ‘कुणीच नाही’वर सोडून पुढे जातात. मुंबई-कोकणातला पाऊस मात्र याच वळणावर टपून असतो. चौकट आणि गिलावा यांच्यातली फट, खिडकीच्या सिलचा बाहेरचा उतार आणि छज्ज्याच्या पोटातली ती खाच. छज्ज्याच्या कडेवरून खाली वळलेलं पाणी पोटाला चिकटून भिंतीकडे निघतं. वाटेत बोटभर रुंदीची खाच लागली की ओघ तुटतो, थेंब होऊन खाली पडतो. खाच नसेल, तर पाणी भिंतीपर्यंत निवांत चालत येतं आणि पुढे घरच्यासारखं वागतं. मॉडेलमध्ये ही खाच सहसा नसते, कारण मॉडेलचं देखणं चित्र, म्हणजे रेंडर, समोरून होतो. छज्ज्याखाली वाकून कोण बघतंय? पाऊस बघतो.

यावर काही जण म्हणतील, एकदा महिरप बनवली की तीनशे खिडक्यांना फुकट लागते. लागते, तिच्यातली चूकही तितकीच फुकट लागते, आणि पुढे विटेच्या जागी 150 चा ब्लॉक आला की तीनशे महिरपी हवेत तरंगतात. दुसरे म्हणतील, मापं अचूक निघतात. पण खिडकीभोवतीची ग्रॅनाइटची पट्टी आणि तिची घासलेली कड रनिंग फुटावर मोजतात; त्याला लांबी पुरते. तिसरे ‘लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट’ काढतील. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेने 2008 मध्ये 100 ते 500 ही शिडी मांडली ती कुठल्या टप्प्यावर मॉडेलवर किती भरवसा ठेवायचा, हे ठरवण्यासाठी. आपण तिचे मार्क केले. गंमत म्हणजे 500 मिळतात ते साइटवर जाऊन, बांधलेलं पडताळून. नक्षीला एकही मार्क नाही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या वास्तूतल्या कोरीव दगडी खिडक्यांपुढे मात्र हा युक्तिवाद मागे घ्यावा. तिथं नक्षी आधीच दगडात आहे, आणि झिजलेला तुकडा नव्याने घडवायचा तर पाथरवटाला तिची प्रत्येक कड लागते.

राहता राहिलं गिऱ्हाईक. ते चित्र पाहून पैसे देतं, हे खरंच. तर त्याला चित्र द्या. फक्त ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, बांधकामाच्या मॉडेलवर लादू नका. आणि प्रामाणिक चित्रच काढायचं असेल, तर ताबा मिळाल्यानंतरचं काढा: महिरपीवर ठोकलेली बॉक्स ग्रिल, तिच्यात तुळस, सायकल आणि वाळत घातलेले टॉवेल, शेजारी एसीचं धूड आणि त्याची खालच्या मजल्यावर ठिबकणारी नळी.