जिवंतपणीचा दाखला

पक्षिशास्त्राच्या दप्तरी नाव लागायचं तर पूर्वी आधी मरावं लागे. नवा पक्षी दिसला की त्याला गोळी घालायची, कातडं सोलून आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची आणि संग्रहालयाच्या खणात आडवं करायचं. मग शास्त्र मान डोलावून म्हणणार, ‘हं, हा पक्षी आहे खरा!’ दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावणाऱ्या पेन्शनर मंडळींनी हे ऐकलं, तर त्यांना खिडकीपलीकडचा कारकून एकदम मायाळू वाटू लागेल.

अरुणाचल प्रदेशातल्या बुगुन लायोसिकला या पक्ष्याने मात्र हा दाखला जिवंतपणी मिळवला. ईगलनेस्ट अभयारण्याच्या परिसरात, दोन हजार मीटरच्या वर, ढग झाडीतून ये-जा करतात तिथलं हे बिऱ्हाड. देह जेमतेम वीतभर, पण हौस दांडगी. राखाडी-हिरवट अंगावर काळी टोपी, डोळ्याजवळ केशरी-पिवळा ठिपका, पंखांवर पिवळे, लाल, पांढरे पट्टे आणि शेपटीच्या टोकाला पुन्हा लाल. एवढं नटूनथटून बसायचं आणि राहायचं कुठे, तर धुक्यात!

तो दिसला रमणा अत्रेय यांना. पुढे पुण्यात रेडिओ खगोलशास्त्राचं काम करणारा हा माणूस. ज्यांच्या व्यवसायात लाखो प्रकाशवर्षं म्हणजे शेजारपाजार, त्यांना झुडपातला अनोळखी पाहुणा दिसावा, हेही मजेचंच. 1995 मध्ये झालेलं दर्शन ओझरतं होतं. आपल्याकडे कुणाला बिबट्याची शेपटी दिसली तरी संध्याकाळपर्यंत तिचा अख्खा वाघ होतो. इथे मात्र कुणी गवगवा केला नाही. 2006 च्या मे महिन्यात पक्षी जाळ्यात आला, तोवर दहा वर्षं उलटून गेली होती.

आता रीतीप्रमाणे त्याचा बळी द्यायचा. पण तेव्हा माहीत असलेले पक्षी होते सगळे मिळून चौदा. चौदांतला एक मारून ‘ही जात अस्तित्वात आहे’ असं लिहायचं, म्हणजे पुरावा चोख आणि अस्तित्व तेवढं कमी. म्हणून मापं घेतली, फोटो काढले, गाणं टिपून घेतलं, जाळ्यात गळलेली चार पिसं जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. तेवढ्यावर शास्त्राचं भागलं. म्हणजे ते आधीही बऱ्याचदा भागलं असतं!

नाव देतानाही शोधकर्त्याने स्वतःचं दिलं नाही. त्या डोंगरातल्या बुगुन लोकांचं दिलं. पुढे 2017 मध्ये सिंगचुंग गावच्या बुगुनांनी आपल्या जंगलातलं 17 चौरस किलोमीटर रान राखीव केलं. त्यामागे कारणं अनेक असतील. पण आपल्या नावाचं कुणी रानात राहतंय म्हटल्यावर, त्याची जागा दुसऱ्याच्या नावावर करून द्यायला माणसाचा हात सहसा उचलत नाही.