समंधाचे हिट पॉइंट

पुण्यात शिकणारा माझा भाचा दर शनिवारी मित्रांबरोबर फासे खेळतो. पैसे लावून नव्हे, हे त्याच्या आईला अजून पटलेलं नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन तिच्यात शिरायचं आणि तलवार लागली की हुकली ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. यंदा गोष्ट सांगायची पाळी त्याची. खजिना राखणारा मेलेला राक्षस हवा होता. "मामा, आपल्याकडचा सांग. इजिप्तच्या ममीला सगळे कंटाळलेत."

जागा मी लगेच दिली, नळदुर्गचा किल्ला. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे डोक्यावरून कोसळत असतात आणि आत सज्जात उभ्या माणसाचं अंग कोरडं. परंड्याच्या किल्ल्याचाही विचार केला होता. पण तिथला राखणदार, जबड्यात हत्ती धरलेल्या सिंहमुखाची मुलुखमैदान तोफ, विजापूरकरांनी १६३२ सालीच उचलून नेली. राखणदारच चोरीला गेल्यावर काय बोलायचं!

राक्षस म्हणून समंध सुचवला. धन पुरून ठेवलं, जीव त्यातच अडकला आणि मेल्यावरही उठायला तयार नाही, असा गृहस्थ. भाच्यानं वही काढली. "हिट पॉइंट किती?" म्हणजे किती मार खाल्ल्यावर तो मरणार.

इथं गाडं अडलं. मेलेल्याला परत मारायचं कसं? आपल्याकडे भुताशी कुणी लढत नाही. "कोण तू? काय पायजे?" असं विचारतात. मग नारळ, लिंबू, दहीभात, फार तर कोंबडं. समंध बहुधा ब्राह्मणाचा, तेव्हा कोंबड्याचं नाव काढू नकोस, हे बजावलं. त्या खेळात पुजाऱ्याला भुतं पळवून लावायची विद्या असते म्हणे. आमच्याकडचा पुजारी आधी दक्षिणेचं बोलेल.

शिवाय समंध अंगावर धावून येत नाही. तो विचारतो, "कुणाचं रं तू?" त्याला वारस हवा असतो. मला तर हे प्रकरण भुताटकीपेक्षा न झालेल्या वाटणीचं जास्त वाटतं. अशी निम्मी गावं आमच्या जिल्ह्यात आहेत, फक्त तिथले राखणदार जिवंत असतात आणि बांधावर बसून तंबाखू मळतात.

खेळाच्या टेबलाबाहेर मात्र हा पुरलेलं धन शोधायचा उद्योग नको, असं भाच्याला सांगितलं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्याला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तुरुंग आहे.

शनिवारी रात्री त्याचा फोन आला. एकानंही तलवार उपसली नव्हती. समंधानं वारसाचा पुरावा मागितला, बुटक्यानं आपण सख्खा नातू असल्याचं ठोकून दिलं, त्यावर जादूगारानं हरकत घेतली. आता तलाठ्याचं पात्र कुणी घ्यायचं यावर भांडण चालू आहे.